ज्याँ मार्क गास्पार इतार

ज्याँ मार्क गास्पार इतार (२४ एप्रिल १७७४ – ५ जुलै १८३८) हे फ्रेंच डॉक्टर, कर्णरोगतज्ज्ञ आणि विशेष शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक होते. फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतात रानात सापडलेल्या आणि जाणकारांनी शिकण्यास अपात्र ठरवलेल्या एका मुलाला त्यांनी सुमारे पाच वर्षे शाळेबाहेर, घरगुती वातावरणात शिकवले. पुढे व्हिक्टर या नावाने ओळखल्या गेलेल्या या मुलाविषयी त्यांनी १८०१ आणि १८०६ मध्ये लिहिलेले दोन अहवाल हे अध्ययनात अडचणी असलेल्या एका मुलाच्या शिक्षणाची तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी मानले जातात. एदुआर सेगँ आणि मारिया माँटेसरी यांच्या कार्याचे मूळ या अहवालांत आहे. व्हिक्टरला बोलता आले नाही, म्हणून इतार यांनी स्वतः हा प्रयोग बव्हंशी अयशस्वी समजला. नंतरच्या पिढ्यांचे मत वेगळे पडले.

बालपण आणि वैद्यकाकडे वाटचाल

इतार यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हाँस प्रांतात ओरेझों या गावी झाला. बालपणीच शिक्षणासाठी त्यांना रिएझ येथे धर्मगुरू असलेल्या काकांकडे पाठवण्यात आले. त्यानंतरचे शिक्षण मार्सेय येथे झाले. त्यांनी बँकेच्या व्यवसायात शिरावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धकाळात तरुणांची सैन्यभरती सुरू झाली आणि इतार यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. रणांगणावर जाण्याऐवजी ते लष्करी रुग्णालयात साहाय्यक म्हणून दाखल झाले. त्या वेळी त्यांना वैद्यकाचे काहीही ज्ञान नव्हते.

तुलों येथील लष्करी रुग्णालयात त्यांना या विषयाची गोडी लागली. पुढे नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक म्हणून कीर्ती मिळवलेले दोमिनिक लारे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि १७९६ च्या सुमारास ते पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात आले. तेथून जवळच सँ-झाक रस्त्यावर राष्ट्रीय मूकबधिर संस्था होती आणि आबे सिकार तिचे संचालक होते. संस्थेतील विद्यार्थ्यांवर उपचार करण्याच्या निमित्ताने इतार यांचा तिच्याशी संबंध आला. १८०० च्या अखेरीस संस्थेचे डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यांनी उर्वरित आयुष्य याच संस्थेच्या सेवेत घालवले. ते अविवाहित राहिले.

आव्हेरोंचा मुलगा

१७९७ च्या सुमारास लाकोन गावाजवळच्या जंगलात एक नग्न मुलगा हिंडताना लोकांच्या दृष्टीस पडला. कंदमुळे, बोंडे आणि शेतातील बटाटे यांवर तो जगत असे. त्याला एकदोनदा पकडण्यात आले, पण तो निसटला. जानेवारी १८०० मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, आव्हेरोंमधील सँ-सेर्नँ या गावी तो एका रंगाऱ्याच्या आवारात शिरला आणि पुन्हा पकडला गेला. तो सुमारे ११-१२ वर्षांचा असावा असा अंदाज बांधण्यात आला. त्याच्या अंगावर अनेक व्रण होते व गळ्यावरही एक खूण होती. तो बोलत नसे. विस्तवातले गरम बटाटे तो हाताने उचलून खाई. मोठ्या आवाजाने तो दचकत नसे, पण मागे कोणी अक्रोड फोडला तर लगेच मान वळवून पाही.

रोदेझ येथे निसर्ग-अभ्यासक बोनातेर यांनी काही महिने त्याचे निरीक्षण केले. गृहमंत्री ल्युसियँ बोनापार्त यांच्या आदेशानुसार ऑगस्ट १८०० मध्ये त्याला पॅरिसला आणण्यात आले. समाजापासून दूर वाढलेला माणूस कसा असतो, हा त्या काळच्या तत्त्वचिंतकांच्या आवडीचा प्रश्न होता. त्यामुळे रानटी मुलाला पाहण्यासाठी शहरात झुंबड उडाली. प्रत्यक्षात लोकांना दिसले ते मळलेले, सतत पुढेमागे डोलणारे, कोणाकडेही लक्ष न देणारे आणि संतापले की चावणारे मूल. अल्पावधीतच लोकांचे कुतूहल ओसरले. मूकबधिर संस्थेत ठेवलेल्या या मुलाकडे पुढचे काही महिने जवळजवळ दुर्लक्षच झाले.

पिनेल यांचा निर्णय आणि इतार यांचे मत

मुलाची तपासणी करण्यासाठी मानव-निरीक्षक मंडळाने एक समिती नेमली. तिच्यात त्या काळचे ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ फिलीप पिनेल होते. मनोरुग्णांना माणुसकीची वागणूक मिळावी यासाठी झटणारे म्हणून पिनेल यांचा लौकिक होता. त्यांनी या मुलाची तुलना बिसेत्र येथील रुग्णालयातील बौद्धिक विकास खुंटलेल्या मुलांशी केली. त्याचे लक्ष, स्मृती आणि अनुकरणशक्ती त्या मुलांसारखीच, किंबहुना काही बाबतींत कमी असल्याचे त्यांना आढळले. हा मुलगा जन्मतःच मंदबुद्धी असून रानात टाकून दिला गेला असावा आणि त्याच्या शिक्षणाची फारशी आशा धरता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इतार यांना पिनेल यांच्याविषयी आदर होता आणि मुलाच्या स्थितीचे त्यांनी केलेले वर्णनही त्यांना मान्य होते. मतभेद होता तो कारणाविषयी. लॉक आणि कोंदियाक यांच्या विचारांचा इतार यांच्यावर प्रभाव होता. मनुष्याच्या कल्पना जन्मजात नसून इंद्रियानुभवातून घडतात, असे हे विचारवंत मानत. मुलाला जे येत नाही ते त्याला कोणी शिकवलेच नव्हते आणि शिकण्याची गरजही त्याला कधी पडली नव्हती, असे इतार यांचे प्रतिपादन होते. या मताची परीक्षा करण्याचा एकच मार्ग त्यांना दिसत होता, आणि तो म्हणजे मुलाला प्रत्यक्ष शिकवून पाहणे.

मादाम गेराँ यांचे योगदान

संस्थेच्या वर्गात या मुलाचा निभाव लागणे शक्य नव्हते. तेथे बऱ्याच पुढे असलेल्या मुलांबरोबर बसवून त्याला काहीच लाभ झाला नसता. म्हणून त्याच्या दैनंदिन संगोपनासाठी शासकीय खर्चाने मादाम गेराँ या बाईंची नेमणूक करण्यात आली. त्या आणि त्यांचे पती यांच्या सहवासात मुलगा राहू लागला. जेवणखाण, स्नान, फिरणे, आजारपण हे सारे मादाम गेराँ पाहत. इतार ठरावीक वेळी पाठ घेत.

आरंभीचे दिवस इतार यांनी हेतुतः शिकवण्याविना जाऊ दिले. मुलाला झोपणे, खाणे, स्वस्थ बसणे आणि मोकळ्या मैदानात धावणे आवडे. त्याला हवे ते करू द्यावे असे त्यांनी ठरवले. फिरणे हळूहळू कमी, जेवणाच्या वेळा हळूहळू मर्यादित आणि जागेपणाचा काळ हळूहळू अधिक, अशा क्रमाने त्याची दिनचर्या बदलत नेण्यात आली. मुलाच्या प्रगतीत मादाम गेराँ यांच्या मातृवत सहनशीलतेचा किती मोठा वाटा होता, हे इतार यांनी आपल्या अहवालांत मुक्तपणे मान्य केले आहे.

पाच उद्दिष्टे

इतार यांनी १८०१ च्या अहवालात आपल्या कार्याची पाच उद्दिष्टे मांडली.

१. मुलाला समाजजीवनाची ओढ लागावी, यासाठी ते जीवन त्याच्या पूर्वीच्या जीवनाशी शक्य तितके जुळणारे आणि त्याहून सुखाचे करणे.
२. तीव्र संवेदनांच्या साहाय्याने त्याची मंद झालेली ज्ञानेंद्रिये जागी करणे.
३. नव्या गरजा निर्माण करून आणि माणसांशी संबंध वाढवून त्याच्या कल्पनांचा विस्तार करणे.
४. गरजेच्या दडपणातून अनुकरणाकडे आणि अनुकरणातून भाषेकडे त्याला नेणे.
५. प्रथम शारीरिक गरजेच्या वस्तूंवर त्याच्या बुद्धीला साधी कामे देणे आणि नंतर तीच बुद्धी शिक्षणाच्या विषयांकडे वळवणे.

या क्रमात अक्षरओळख सर्वांत शेवटी येते. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावा आणि त्याला ज्याची ओढ आहे त्याच्याच आधाराने पुढचे पाऊल टाकावे, हे सूत्र पाचही उद्दिष्टांत समान आहे.

ज्ञानेंद्रियांचे शिक्षण

थंडी आणि उष्णता यांतला फरक मुलाला जणू जाणवतच नसे. इतार यांनी त्याला रोज बराच वेळ कढत पाण्याने स्नान घालण्याची व्यवस्था केली. काही आठवड्यांनी पाणी पुरेसे ऊन आहे की नाही हे तो बोट बुडवून पाहू लागला आणि थंड पाण्यात उतरण्यास नकार देऊ लागला. थंडी वाजू लागताच कपडे घालण्याची गरज त्याला कळली. सकाळी कपडे जवळ ठेवून त्याला गारव्यात थांबू दिले की तो आपले आपण कपडे चढवी. सांगून जे साधले नसते ते गरजेमुळे साधले.

लक्ष एकाग्र करण्यासाठी इतार यांनी एक खेळ योजला. उपड्या पेल्यांपैकी एकाखाली ते चेस्टनट ठेवीत आणि पेल्यांच्या जागा बदलीत. मुलाला तो पेला शोधावा लागे. हळूहळू हालचाली वाढल्या, तसे त्याचे लक्षही वाढले. पुढे पेल्याखाली खाण्याची वस्तू नसली तरी तो खेळू लागला. खाण्याच्या इच्छेतून सुरू झालेला खेळ खेळाच्या आनंदासाठी चालू राहिला.

श्रवणाच्या पाठात मुलाचे डोळे बांधून त्याला घंटा आणि ढोल यांचे आवाज ओळखायला सांगत. पुढे स्वरांचे पाठ सुरू झाले. प्रत्येक स्वरासाठी त्याने एक ठरावीक बोट वर करायचे होते. डोळ्यांवर पट्टी आली की त्याला इतकी मौज वाटे की तो हसत सुटे आणि पाठ बाजूला राही. इतार यांनी चुकीबद्दल त्याच्या बोटांवर हलकेच मारण्यास आरंभ केला. हसणे थांबले, पण त्याबरोबर शिकणेही थांबले. पट्टी बांधताच तो भीतीने गोंधळून जाई. धाक आणि अध्ययन यांचे जमत नाही, हा अनुभव इतार यांनी न लपवता नोंदवला आहे. आपण हे वेळीच ओळखले नाही याचा पश्चात्तापही त्यांनी व्यक्त केला आहे.

मुलाला नावही स्वरांवरूनच मिळाले. तो ओ या स्वराकडे विशेष लक्ष देतो हे ध्यानात आल्यावर इतार यांनी त्याच्यासाठी फ्रेंच उच्चारात शेवटी ओ सारखा स्वर येणारे व्हिक्तोर हे नाव निवडले. मराठीत ते व्हिक्टर असे रूढ आहे.

अक्षरे, शब्द आणि वस्तू

शब्दांपर्यंत पोहोचण्यासाठी इतार यांनी पायऱ्या आखल्या. प्रथम किल्ली, कात्री, हातोडी अशा वस्तूंच्या आकृती फळ्यावर काढून त्या त्या आकृतीवर ती ती वस्तू टांगायला शिकवले. नंतर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन असे रंगीत आकार जुळवणे आले. अखेरीस सुटी कापलेली अक्षरे योग्य खणांत ठेवण्याचा पाठ आला. तो व्हिक्टरला त्वरेने जमला, तेव्हा इतार यांना आनंद झाला. पण बारकाईने पाहता असे दिसले की अक्षरे काढताना तो ती क्रमाने एकावर एक रचून ठेवी आणि त्याच क्रमाने परत लावी. त्यामुळे त्याला अक्षर ओळखण्याची गरजच पडत नसे. शिकण्यास अपात्र ठरवलेल्या मुलाने कष्ट वाचवण्याची युक्ती शोधून काढली होती. इतार यांनी अक्षरांचा क्रम मिसळून टाकला आणि पाठ पुढे चालू ठेवला.

व्हिक्टरला दूध फार आवडे. दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द त्याने उच्चारला, पण बहुधा दूध पेल्यात पडल्यानंतर. इतार यांच्या दृष्टीने तो केवळ आनंदाचा उद्गार होता, मागणी नव्हती. म्हणून त्या शब्दाची चार अक्षरे जुळवून दूध मिळवण्याचा पाठ सुरू झाला. काही दिवसांनी वेधशाळेजवळच्या एका परिचिताच्या घरी फिरायला जाताना व्हिक्टरने कोणी न सांगता ती चार अक्षरे बरोबर घेतली. तेथे पोहोचताच ती मेजावर जुळवून त्याने दूध मागितले. पाठात शिकलेली गोष्ट पाठाबाहेर, स्वतःच्या कामासाठी वापरण्याचा हा प्रसंग इतार यांच्या अहवालातील सर्वाधिक लक्षणीय नोंदींपैकी आहे.

पुढे तो चिठ्ठीवरचा शब्द वाचून दुसऱ्या खोलीतून ती वस्तू आणू लागला. तेव्हा नवीच अडचण उद्भवली. पुस्तक हा शब्द त्याच्या लेखी एकाच विशिष्ट पुस्तकाचे नाव होता. ते पुस्तक खोलीत बंद असताना दुसरे समोर पडलेले असूनही त्याला ते दिसत नसे. हताश झालेल्या इतार यांनी एका पाठाच्या वेळी त्याला रानात किंवा बिसेत्रला परत जाण्याविषयी कटू शब्द सुनावले. शब्दांचा अर्थ नाही, तरी त्यांतला विषाद व्हिक्टरला कळला असावा. त्याचा ऊर भरून आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शिकवण्याच्या पद्धतीमुळेच मुलाने नावाचा अर्थ इतका संकुचित धरला आहे, हे पुढे इतार यांच्या लक्षात आले. त्यांनी वस्तूंतील साम्य दाखवणारे पाठ घेतले. मग व्हिक्टर उलट टोकाला गेला आणि वस्तरा व सुरी यांना एकच नाव देऊ लागला. प्रत्येक चुकीतून तो विचार कसा करतो हे शोधायचे आणि पुढचा पाठ त्यानुसार बदलायचा, ही इतार यांची पद्धत अशा प्रसंगांतून घडत गेली.

कालांतराने व्हिक्टरला अनेक वस्तूंची नावे, काही विशेषणे आणि क्रियापदे वाचून कळू लागली. काही शब्द तो स्मरणाने लिहू लागला. बोलणे मात्र एकदोन शब्द आणि काही उद्गार यांपलीकडे गेले नाही.

भावनिक विकास

अहवालांचा मोठा भाग व्हिक्टरच्या भावजीवनाविषयी आहे. एकदा तो पळून गेला आणि सँलिसच्या बाजूच्या रानापर्यंत पोहोचला. पोलिसांनी त्याला पकडून पॅरिसच्या तांप्ल येथे कोठडीत ठेवले. तेथे मादाम गेराँ त्याला न्यायला आल्या. त्यांना पाहताच तो पांढरा पडला आणि क्षणभर त्याची शुद्ध हरपली. भानावर येताच त्याने असा आनंद व्यक्त केला की पाहणाऱ्यांना तो आईकडे परतलेला मुलगाच वाटला.

घरात जेवणाची ताटे मांडणे हे व्हिक्टरचे काम होते. मादाम गेराँ यांचे पती आजारी पडून वारले. त्या दिवशीही त्याने नेहमीप्रमाणे त्यांच्या जागी ताट मांडले. ते पाहून मादाम गेराँ यांना रडू कोसळले. आपल्या हातून काही तरी दुःखद घडले हे ओळखून त्याने ताट उचलून ठेवले आणि पुन्हा कधी त्या जागी मांडले नाही.

इतार यांचे सर्वच प्रयोग आजच्या दृष्टीने समर्थनीय नाहीत. व्हिक्टरच्या संतापाचे झटके थांबवण्यासाठी, तो उंचीला घाबरतो हे माहीत असल्याने, त्यांनी एकदा त्याला वरच्या मजल्यावरील खिडकीबाहेर धरले. न्यायाची जाणीव त्याच्यात आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा त्याने पाठ नीट केला असतानाही त्याला शिक्षा म्हणून अंधाऱ्या खोलीकडे ओढत नेले. एरवी शिक्षा निमूटपणे सोसणाऱ्या व्हिक्टरने या वेळी निकराने विरोध केला आणि इतार यांच्या हाताला कडकडून चावा घेतला. न्याय आणि अन्याय यांतला भेद त्याला कळतो, याचा पुरावा म्हणून इतार यांनी या चाव्याचे स्वागत केले.

प्रयोगाची अखेर

१८०६ मध्ये इतार यांनी गृहमंत्र्यांना दुसरा अहवाल सादर केला आणि तो शासनातर्फे छापण्यात आला. व्हिक्टर वयात आल्यावर त्याची अस्वस्थता वाढली होती आणि पाठांत खंड पडू लागला होता. त्याला बोलता येणे हे इतार यांनी आपले मुख्य ध्येय मानले होते. ते साध्य होत नाही हे पाहून त्यांनी अध्यापन थांबवले. मात्र त्याची तुलना इतर मुलांशी न करता त्याच्या स्वतःच्या पूर्वस्थितीशीच करावी, असा आग्रह त्यांनी याच अहवालात धरला आहे.

शासनाने व्हिक्टरच्या पालनासाठी मादाम गेराँ यांना वर्षाला १५० फ्रँक मंजूर केले. १८११ पासून तो त्यांच्यासह संस्थेजवळच्या फयांतीन भागातील एका घरात राहू लागला. तेथे १८२८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पाठ संपल्यानंतरची ही सुमारे २० वर्षे व्हिक्टर मादाम गेराँ यांच्याच आधाराने जगला. या काळातील त्याच्या जीवनाची इतार यांनी पूर्वीसारखी नोंद ठेवली नाही.

वैद्यकीय कार्य

संस्थेतील मूकबधिर मुलांच्या निमित्ताने इतार कर्णविकारांच्या अभ्यासाकडे वळले. १८२१ मध्ये त्यांचा कानाचे व श्रवणाचे विकार या विषयावरील दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक कर्णचिकित्सेच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्याच वर्षी ते फ्रान्सच्या वैद्यक अकादमीचे सदस्य झाले. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरण्याच्या विकाराला न्यूमोथोरॅक्स हे नाव त्यांनी १८०३ मध्ये दिले. १८२५ मध्ये त्यांनी एका स्त्रीच्या अनैच्छिक हालचाली व उद्गारांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८८५ मध्ये जिल द ला तुरेत यांनी आपल्या नावाने प्रसिद्ध झालेल्या विकाराचे विवेचन करताना या नोंदीचा आधार घेतला.

बहिरेपण बरे करण्यासाठी इतार यांनी संस्थेतील मुलांवर विजेचे झटके, जळवा, कानाच्या पडद्याला छेद देणे असे वेदनादायक उपाय केले. त्यांचा उपयोग झाला नाही आणि वैद्यक येथे हतबल आहे हे त्यांना मान्य करावे लागले. मूकबधिर मुलांनी खुणांची भाषा सोडून बोलायला शिकावे, असे त्यांचे पूर्वीचे मत होते. अनेक वर्षे या मुलांमध्ये काढल्यानंतर त्यांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेलाही स्थान असले पाहिजे, असे त्यांनी मान्य केले. तरी बोलण्याच्या शिक्षणावरील त्यांची श्रद्धा कायम राहिली आणि मृत्युपत्राद्वारे त्यांनी संस्थेत त्यासाठी एका वर्गाची तरतूद केली.

वारसा

आयुष्याच्या अखेरीस, १८३७ च्या सुमारास, आजारी इतार यांनी एदुआर सेगँ या तरुणाला बौद्धिक विकास मंदावलेल्या एका मुलाला शिकवण्याच्या कामी मार्गदर्शन केले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळील पासी येथे इतार यांचे निधन झाले. सेगँ यांनी हे कार्य वाढवले. अशा मुलांच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि तेथील विशेष शिक्षणसंस्थांच्या उभारणीला त्यांचे साहाय्य झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी बौद्धिक विकास मंदावलेल्या मुलांसाठी काम करत होत्या. इतार आणि सेगँ यांचे लेखन नीट आत्मसात व्हावे म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. अशा मुलांना शिकवताना उपयोगी पडलेली साधने सर्वच मुलांना लाभदायक ठरतील, या विचारातून ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. खाचेत बसवण्याचे आकार, स्पर्शाने ओळखण्याच्या वस्तू, सुटी अक्षरे ही माँटेसरी साधने इतार यांच्या फळ्यांशी आणि कापलेल्या अक्षरांशी नाते सांगतात.

महाराष्ट्रात हा विचार माँटेसरी पद्धतीच्या मार्गाने पोहोचला. गिजुभाई बधेका यांच्या भावनगर येथील बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे बालशिक्षणाची चळवळ उभी केली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाने, शंखशिंपले, बिया अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणसाधने तयार केली. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांनी १९७० मध्ये इतार आणि व्हिक्टर यांच्यावर चित्रपट काढला. त्यात इतार यांची भूमिका त्यांनी स्वतः केली.

मूल्यमापन

व्हिक्टरची मूळ अवस्था काय होती याविषयी आजही एकमत नाही. तो स्वमग्न असावा व त्यामुळेच घरच्यांनी त्याला टाकले असावे, असे काही अभ्यासक मानतात. इतर काहींच्या मते भाषा शिकण्याच्या वयात माणसांचा सहवास न मिळाल्याने त्याची वाणी कायमची खुंटली. पहिले मत स्वीकारल्यास पिनेल यांचे निदान अगदीच चुकीचे नव्हते असे म्हणावे लागते. परंतु निदानावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे मुलाला शिकवणे व्यर्थ आहे हा, इतार यांच्या पाच वर्षांच्या कामाने खोटा ठरवला. मुलाच्या अडचणीचे नाव काहीही असले तरी तो कपडे घालायला, वाचायला, लिहायला, दुसऱ्याचे दुःख ओळखायला आणि अन्यायाला विरोध करायला शिकला.

इतार यांच्यावर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की त्यांनी वाणी हीच प्रगतीची कसोटी मानली. मूकबधिर संस्थेत राहत असूनही त्यांनी व्हिक्टरला खुणांची भाषा शिकवली नाही. तो मादाम गेराँ यांच्याशी खाणाखुणांनी सहज संवाद साधत असे आणि हवी ती वस्तू त्यांच्यापुढे आणून ठेवी. ज्या माध्यमातून तो स्वतःहून बोलत होता त्याचा शिक्षणात पुरेसा उपयोग झाला नाही. तसेच अपेक्षित फळ न दिसताच पाठ बंद झाले, हेही अभ्यासकांना खटकते.

असे असले तरी विशेष शिक्षणाच्या इतिहासात इतार यांचे स्थान अढळ आहे. एका मुलासाठी एक आराखडा, गरज व आवडीपासून आरंभ, कठीण कामाचे लहान पायऱ्यांत विभाजन, चुकांची बारकाईने नोंद आणि मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी करणे, ही त्यांनी घालून दिलेली तत्त्वे आजही अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांचे शिक्षक आणि पालक वापरतात. या तत्त्वांच्या जोडीला अहवालांतून दिसणारी मादाम गेराँ यांची भूमिकाही आता तितक्याच महत्त्वाची मानली जाते. इतार यांचे पाठ दिवसातील काही वेळ चालत. ते संपल्यावर व्हिक्टरचे जेवण, झोप आणि रुसवेफुगवे सांभाळणारे घर नसते, तर त्या पाठांना आधारच उरला नसता.